उद्यमबागेतला बिनपाटीचा पीसीबीवाला आणि आमचे 8 पॅच

दुकानाला नाव नाही. शटरवर कधीकाळी तीन इंग्रजी अक्षरं रंगवली होती, पी, सी आणि बी, म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड, तांब्याच्या वाटा असलेला इलेक्ट्रॉनिक्सचा फलक. त्यातलं शेवटचं आता वितळल्यासारखं दिसतं. त्यामुळे पाटी कुठल्या भाषेत आणि किती मोठ्या अक्षरात यावरून आमच्या गावात जे काही होतं, ते या दुकानाच्या वाट्याला आलेलं नाही. बेळगावच्या उद्यमबागेत, एका फाउंड्रीच्या मागच्या बोळात हे आहे. शोधायला सोपं: जिथे फाउंड्रीची काळी धूळ संपते आणि फेरिक क्लोराईडचे, म्हणजे बोर्डावरचं नको असलेलं तांबं खाणाऱ्या द्रवाचे, पिवळट-तपकिरी डाग सुरू होतात, तिथे थांबायचं. मालकाला सगळा बोळ मामा म्हणतो. मी त्यांच्याहून फार लहान नाही, पण पहिल्याच दिवशी मीही मामाच म्हणून गेले, आणि त्यांनी मला मॅडम केलं.

मी इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. यंदा माझ्याकडे शेवटच्या वर्षाचा एक गट आला. खानापूरची एक मुलगी, निपाणीचा एक मुलगा आणि फक्त सही करायला येणारा तिसरा, असतोच प्रत्येक गटात. विषय त्यांनीच आणला: सपाट अँटेना अॅरे, म्हणजे एका फलकावर छोट्या अँटेनांची रांग, आणि त्याचा बीम, म्हणजे सिग्नलचा झोत, 60 अंशांपर्यंत वळवायचा. अँटेना जागची हलवायची नाही. फलकावरच्या पॅचना (त्या छोट्या अँटेना, तांब्याचे आयताकृती तुकडे) जाणाऱ्या सिग्नलच्या फेजमध्ये, म्हणजे लहरींच्या मागेपुढे असण्यात, फरक ठेवून बीम तिरका काढायचा. फाइव्ह-जीच्या टॉवरवरचे चपटे डबे याच तत्त्वावर चालतात, म्हणून मुलांना त्याचं आकर्षण. मी हो म्हटलं, आणि मग आठवलं की आमच्याकडे फेज शिफ्टर, म्हणजे फेज मागेपुढे करणारे तयार भाग, घ्यायला पैसे नाहीत.

तोडगा गरिबीतला काढला. फेज शिफ्टरऐवजी तांब्याच्या वाटेची लांबीच बदलायची. 0, 20, 40 आणि 60 अंशांसाठी चार वेगळे बोर्ड. प्रत्येकावर 8 पॅच एका रांगेत, खाली फांद्या फुटलेली फीडची वाट (पॅचपर्यंत सिग्नल नेणारी तांब्याची पट्टी), आणि प्रत्येक फांदी आपापल्या कोनाच्या हिशेबाने वळणं घेत जाणारी. बीम वळवायचा म्हणजे बोर्ड बदलायचा. हसू नका. शिकायला याहून स्वच्छ पद्धत मला माहीत नाही, कारण चूक झाली की ती तांब्यात दिसते.

वारंवारता 5.8 गिगाहर्ट्झ धरली. तो पट्टा आपल्याकडे परवान्याशिवाय वापरता येतो, आणि 6.3 गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा तळहाताएवढा लाइटव्हीएनए, अँटेना तपासायचं मोजयंत्र, मी पगारातून घेऊन ठेवलेला होता. 5.8 ला तरंगलांबी 51.7 मिमी. 1.6 मिमी जाडीच्या साध्या एफआर-4 वर (काचतंतू आणि इपॉक्सीचा नेहमीचा बोर्ड) पॅचची लांबी येते 11.75 मिमी, रुंदी साधारण 15.7. हे आकडे आत्ताच सांगून ठेवते, कारण मामांच्या दुकानाची खरी परीक्षा त्या 11.75 मध्ये आहे.

आधी एक कबुली. पहिला बोर्ड आम्ही मामांकडे दिला नव्हता. दूरच्या शहरातल्या एका ऑनलाइन सेवेकडे आराखड्याची गर्बर फाईल पाठवली. अकरा दिवसांनी सुरेख पाकीट आलं. बोर्ड दागिन्यासारखा, हिरवा, चकचकीत. पॅचच्या अंगावरही तोच हिरवा मास्क, म्हणजे तांबं झाकणारा थर, पोळीवर तूप फासावं तसा सगळीकडे सारखा. फाईलमध्ये मास्क उघडा ठेवायची खूण आमच्याकडून राहिली होती, हे मान्य. पण अँटेनाचा बोर्ड समोर दिसत असताना कुणी एक फोन करून विचारू नये? मास्कचा थर म्हणजे पॅचवर आणखी एक पातळ डायइलेक्ट्रिक, वीज न वाहू देणारा पदर. त्याची जाडी आम्हाला कुणी सांगितली नव्हती, आणि त्याने वारंवारता थोडी खाली ओढली. जेवढी ओढली त्यात मास्कचा दोष किती आणि लॅमिनेटचा, म्हणजे बोर्डाच्या मूळ शीटचा, किती, हे वेगळं काढता येईना. म्हणून उद्यमबाग.

मामांचं रोजचं काम वेगळंच आहे. वडगावच्या यंत्रमागांना धागा तुटला की थांबवणारे सर्किट, हायड्रॉलिक प्रेसचे टायमर, वजनकाट्याचे बोर्ड, मोटर स्टार्टरची कार्डं. जाड ट्रॅक, मोठी भोकं. अँटेना त्यांनी आयुष्यात केली नव्हती. आमच्या आराखड्याची पारदर्शक फिल्म त्यांनी ट्यूबलाईटसमोर धरली आणि बराच वेळ बघत राहिले.

“ह्यात पार्ट कुठं बसणार?”

“पार्ट नाहीत मामा. एक कनेक्टर फक्त.”

“म्हंजे नुसतं तांबं?”

“नुसतं तांबं.”

मग त्यांनी जो प्रश्न विचारला, त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले आहे. “मॅडम, ह्यात कुठलं माप चुकलं तर चालतंय, आणि कुठलं न्हाई चालत?”

मी म्हटलं, सगळीच मापं महत्त्वाची आहेत. मामा म्हणाले, “असं म्हणताय खरं, माझ्या टाकीत सगळी मापं सारखी येत न्हाईत. एक सांगा, तेवढं सांभाळतो.”

वीस वर्षं शिकवून मला हा प्रश्न कुठल्या विद्यार्थ्याने विचारला नव्हता. (मामांचं ‘खरं’ म्हणजे आपलं ‘पण’, हे पुण्याच्या वाचकांसाठी.) मी खुर्चीत बसले आणि खरोखर विचार केला. पॅचची रुंदी अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे झाली तर इनपुटचा रोध (इम्पीडन्स, सिग्नलला होणारा अडथळा) थोडा बदलेल, फार काही बिघडणार नाही. फीडच्या वाटेची जाडी किंचित कमी झाली तरी चालून जाईल. दोन पॅचमधलं अंतर फिल्मवरूनच येतं, ते एचिंगमध्ये, म्हणजे टाकीत तांबं विरघळवताना, हलत नाही. हलते ती पॅचची लांबी, म्हणजे आमच्या बोर्डात उभी बाजू. तिच्यावर रेझोनन्स, म्हणजे पॅच ज्या वारंवारतेला सर्वांत जोरात घुमतो ती, ठरतो. रेझोनन्सच्या जवळ 0.1 मिमीचा फरक पडला तर एफआर-4 वरच्या पॅचच्या फेजमध्ये वीसेक अंशांचा फरक पडतो. आणि आम्ही जगणार ते फेजवरच. मी लाल पेनने आठही पॅचच्या उभ्या बाजूवर रेघ मारून दिली.

“आणि सगळे सारखे चुकले तर?” मामांचा दुसरा प्रश्न.

हा पहिल्याहून भारी होता. आठही पॅच सारखेच आखूड झाले तर अॅरे 5.8 ऐवजी जरा वर जाईल, एवढंच. आठही जणांची फेज सारखी सरकली की बीम जिथे होता तिथेच राहतो. घोटाळा होतो तो एक आखूड आणि एक लांब झाला की. मी तसं सांगितलं. मामांनी फिल्म खाली ठेवली. “मग सोपं हाय की. सारखं चुकायचं.”

मामांचा पहिला बोर्ड तरीही सारखा चुकला नाही. तिसऱ्या दिवशी हातात आला, 0 अंशांचा. दिसायला ठीक. पण तिसऱ्या आणि चौथ्या पॅचच्या मधल्या मोकळ्या जागेत तांब्याचे चार आकडे. मामांचा जॉब नंबर! यंत्रमागाच्या कार्डावर कोपऱ्यात जॉब नंबर घालायची त्यांची जुनी सवय, आणि आमच्या बोर्डावर सगळ्यात मोठा रिकामा कोपरा त्यांना तिथेच दिसला. दोन पॅचच्या मधल्या 10 मिमीच्या फटीत तांबं ठेवणं म्हणजे दोन गायकांच्या मध्ये तिसरा गुणगुणत बसवणं. मामांनी काही न बोलता ब्लेड घेतलं आणि ते आकडे खरवडून काढले. तेव्हापासून आमचा जॉब नंबर बोर्डाच्या पाठीवर मार्करने येतो.

खरा दोष मायक्रोस्कोपखाली सापडला. फिजिक्सच्या प्रयोगशाळेतला ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप मागून आणला आणि खानापूरच्या मुलीने आठही पॅच मोजले. डाव्या टोकाचा 11.58, उजव्या टोकाचा 11.74, मधले पायरीपायरीने चढत गेलेले. म्हणजे टाकीत डावी बाजू जास्त खाल्ली गेली. रांगेत फेज अशी हळूहळू चढली की बीम आपोआप वळतो. नको असताना बीम वळवायचं यंत्रच झालं ते. हिशेबाने दीड अंश यायला हवा होता. गच्चीवर मोजलं तर शून्याचा बीम साधारण तेवढाच सरकलेला. मुलं हिरमुसली. मला मनातून आनंद झाला, पण वर्गात असा आनंद दाखवता येत नाही.

मामांना जाऊन आकडे वाचून दाखवले. ते टाकीपाशी गेले, हवेचे बुडबुडे सोडणारी नळी बघितली. नळी डाव्या कोपऱ्यात. त्यात मध्ये लाईट गेली होती म्हणे, पंप बंद पडला आणि बोर्ड तसाच लटकत राहिला. त्यांच्याकडे काम करणारा पोरगा कानडी बोलणारा. मामा त्याला म्हणत होते, “निधान, निधान”, आणि तो बोर्ड टाकीत सावकाश हलवत होता. दुसऱ्या खेपेला मामांनी नळी मधोमध घेतली, बोर्ड अर्ध्या वेळाने उलटा फिरवून टांगला, आणि लाईट गेली तर हाताने हलवायचा हे पोराला बजावलं. शिवाय स्वतःहून सांगितलं की 35 मायक्रॉनच्या तांब्यात कडेला साधारण तेवढंच आत खाल्लं जातं, तेव्हा फिल्मवरच पॅच दोन्ही बाजूंनी थोडा मोठा काढून आणा. हे पुस्तकात असतं. त्यांनी ते यंत्रमागाच्या कार्डांवर शिकलेलं.

मामांच्या पहिल्या बोर्डाचा रेझोनन्स 5.90 ला आला होता. त्यातला निम्मा वाटा या खाल्ल्या गेलेल्या तांब्याचा, उरलेला एफआर-4 चा. त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक पुस्तकात 4.4 लिहितात, पण तो प्रत्येक शीटला थोडा वेगळा निघतो. आमच्या शीटला 4.3 धरला तेव्हा हिशेब जुळला. दुसऱ्या खेपेला आठही पॅच 0.03 मिमीच्या आत, आणि रेझोनन्स 5.81. बीम शून्यावर. मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, “बरं. पैसे कवा देताय?”

आता 60 अंशांचं. इथे दुकानाचा दोष कुठला आणि निसर्गाचा कुठला हे स्पष्ट लिहायला हवं, कारण गटातल्या त्या तिसऱ्या मुलाने अहवालात सगळं खापर ‘स्थानिक फॅब्रिकेशन’वर फोडलं होतं आणि मी ते पान परत केलं.

मुलांनी पहिल्या आराखड्यात दोन पॅचमध्ये 36 मिमी अंतर ठेवलं होतं. कारण काय, तर फीडच्या वाटा वळवायला ऐसपैस जागा मिळते. सरळ बघणाऱ्या अॅरेला ते चालतं. पण 60 कडे वळवायला लागलात की दुसऱ्या बाजूला, उणे 35 अंशांच्या आसपास, दुसरा बीम उगवतो. ग्रेटिंग लोब म्हणतात त्याला. त्यात वाईट भाग असा की एकेकटा पॅच मुळात सरळ समोर जास्त आणि कडेला कमी बघतो, त्यामुळे 35 वरचा नको असलेला बीम 60 वरच्या हव्या असलेल्या बीमपेक्षा तीनेक डीबीने, म्हणजे जवळपास दुपटीने, मोठा. पाहुण्याला बोलावलं आणि पंगतीत शेजारीच जेवून गेला, असं.

हे मी फळ्यावर दोनदा काढलं तरी निपाणीच्या मुलाला पटेना. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, “मॅडम, एसटीतून तंबाखूच्या शेताकडे बघितल्यासारखं हाय. सरळ बघितलं की एक सरी उघडते. जरा तिरकं बघितलं की रोपांच्या मधून दुसरीच वाट उघडते. दाट लावलं असलं की ती तिरकी वाट बुजते.” मी त्या दिवसापासून माझी फळ्यावरची आकृती बंद केली. 60 अंशांपर्यंत एकच वाट उघडी ठेवायची तर रोपांमधलं अंतर तरंगलांबीच्या 0.536 पटीहून कमी हवं, म्हणजे आमच्या बाबतीत 27.7 मिमी. आम्ही 26 घेतलं. मग शेजारच्या दोन पॅचमध्ये फेजचा फरक लागतो सुमारे 157 अंशांचा, म्हणजे एफआर-4 वर 12 मिमीहून थोडी जास्त वाट, आणि 360 पूर्ण झाले की पुन्हा शून्यापासून. तेवढी वळणं 26 मिमीच्या जागेत बसवताना मुलांच्या रात्री गेल्या. मामांच्या टाकीने ती सगळी वळणं सोलून दिली, एकही ट्रॅक तुटला नाही.

मोजणी कॉलेजच्या गच्चीवर. केक सजवणारे वापरतात ते फिरतं ताट, त्याखाली छापून चिकटवलेला कोनमापक, समोर दोन मीटरवर काठीला बांधलेला एकटा पॅच. आमच्या अॅरेची लांबी साधारण 198 मिमी, तेव्हा दूरक्षेत्र, म्हणजे जिथपासून बीमचा खरा आकार मोजता येतो ती जागा, दीडेक मीटरवर सुरू होतं. दोन मीटर पुरले. पहिल्या दिवशी उणे 40 ला एक गूढ उंचवटा येत होता आणि मी ग्रेटिंग लोबवर पुन्हा एक व्याख्यान देणार होते, तेवढ्यात कळलं की ती पाण्याची काळी टाकी आहे. ताट दुसऱ्या कोपऱ्यात नेलं, उंचवटा गेला.

60 चा बोर्ड 55 अंशांवर सर्वांत जोरात बोलला. 60 वर नाही. हा मामांचा दोष नाही. आठच पॅचच्या अॅरेचा बीम शून्यावर तेरा अंश रुंद, आणि 60 कडे नेला की जवळपास दुप्पट पसरतो. इतका पसरट बीम कडेला गेला की पॅचचा स्वतःचा समोर बघायचा कल त्याला आत ओढतो. जोर शून्याच्या बोर्डापेक्षा चार डीबीहून जास्त खाली. बाजूने बघितलं की पाट अरुंद दिसतो, तसं 60 वरून बघणाऱ्याला अॅरे निम्माच दिसतो, त्यातच तीन डीबी गेले. उरलेल्यात शेजाऱ्यांची आपसातली कुजबुज, म्हणजे म्युच्युअल कपलिंग. बीम वळवला की प्रत्येक पॅचला बाकीच्या सात जणांकडून येणारी परतफेड बदलते आणि शून्यावर नीट जुळवलेला रोध 60 वर बेजुळता होतो. जाड आणि जास्त डायइलेक्ट्रिकच्या सब्सट्रेटवर, मोठ्या अॅरेत, हे इतकं वाढू शकतं की एका कोनाला अॅरे आंधळाच होतो. पोझार आणि शॉबर्ट यांनी 1984 साली छापील डायपोलच्या अॅरेसाठी हे नीट मांडलं. आमचा आठ पॅचचा बोर्ड आंधळा व्हायला फार लहान आहे, पण 60 ला त्याला कमी दिसतं हे मीटरवर कळत होतं.

यावर जुना उपाय आहे. 1966 साली मॅगिल आणि व्हीलर यांनी सुचवलं की अॅरेच्या पुढे थोड्या अंतरावर डायइलेक्ट्रिकचा पातळ पत्रा उभा करा, तो मोठ्या कोनाला रोध जुळवायला मदत करतो. आम्ही पाट्या करणाऱ्याकडून अॅक्रिलिकचा तुकडा आणला. मामांनी तो हॅकसॉने कापला, स्वतःकडचे नायलॉनचे स्पेसर दिले, आणि पैसे घेतले नाहीत, कारण “ते पीसीबीचं काम न्हवं”. अंतर बदलत बदलत 60 च्या बोर्डाचं रिटर्न लॉस (आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमी परत फिरतो) 8 डीबीवरून 11 वर आलं. क्रांती नाही. पण 1966 ची कल्पना उद्यमबागेच्या करवतीने कापून चालताना बघितली, हे मुलांच्या लक्षात राहील.

एफआर-4 बद्दल एक सावधानता, कारण मामांकडे दुसरं काही मिळत नाही. 5.8 ला या लॅमिनेटच्या वाटेत सेंटिमीटरला साधारण 0.2 डीबी जातात. आमची वाट बारा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे अडीच डीबी अँटेनापर्यंत पोचायच्या आधीच गरम होऊन संपले. कॉलेजने शेवटी आरओ4350बी या कमी तोट्याच्या लॅमिनेटची एक शीट आणली, महाग असते. मामांनी ती दोन दिवस कपाटात ठेवली, हात लावायला तयार नव्हते. मग आधी एफआर-4 वर तोच बोर्ड सरावाला काढला आणि नंतर ही शीट कापली. काम निर्दोष. फीडमधला तोटा एका डीबीच्या आत आला. त्या लॅमिनेटमध्ये सिरॅमिकची भर असते, तिने त्यांचे दोन ड्रिल बिट बोथट केले. ते बिलात लावलेले होते, आणि बोथट बिट कागदात गुंडाळून पुराव्यादाखल बिलाला टाचलेले होते.

26 गिगाहर्ट्झचं काम मात्र इथे आणू नका. 2022 च्या लिलावात तो पट्टा विकला गेल्यापासून दर वर्षी एक तरी गट मिलिमीटर-वेव्ह, मिलिमीटर-वेव्ह करत माझ्या टेबलाशी येतो. तिथे अर्धी तरंगलांबी 5.8 मिमी, पॅच तीनेक मिमीचा, आणि मामांच्या टाकीची 0.03 ची शिस्तसुद्धा त्या पॅचला एक टक्का होते. मामा ‘करून देतो’ म्हणतील. नाही म्हणायची त्यांना सवय नाही, हा त्यांचा एकमेव मोठा दोष. माझ्या मते 6 गिगाहर्ट्झच्या वर त्यांना अडचणीत टाकू नये.

वेळेचं गणितही सैल आहे. ‘परवा’ म्हणजे तीन दिवस, पावसाळ्यात चार. जून ते सप्टेंबर इकडे पाऊस असा की खानापूरकडून येणारी मुलगी निम्मे दिवस ओली होऊनच यायची. त्या दिवसांत फिल्म दमटपणाने किंचित ताणली जाते आणि ड्राय फिल्म, म्हणजे आराखडा तांब्यावर उतरवणारा थर, बोर्डाला नीट धरत नाही. मामा अशा दिवशी सरळ सांगतात, आज नको. आमचं सगळं महत्त्वाचं काम आम्ही दिवाळीनंतर केलं आणि ते बरं झालं. ग्रीन मास्क इथे होत नाही. अँटेनाला तो नको असतो, म्हणून आमच्यासाठी ती सोयच. टिनिंग, म्हणजे तांब्यावर कथलाचा मुलामा, विचारल्याशिवाय करत नाहीत. पॅचवर टिन नको, फक्त कनेक्टरच्या जागी, हे फिल्मवर लिहून द्या. पाठीमागचं ग्राउंड तांबं पूर्ण ठेवायचं असतं, तिथे टेप मारायची आठवण करा; आमच्या 40 अंशांच्या बोर्डाच्या पाठीला एका कोपऱ्यात द्रव शिरला आणि नखाएवढं तांबं गेलं. सुदैवाने तिथे वर काही नव्हतं.

दर विचाराल तर मला 230 बाय 90 मिमीचा दोन बाजूंच्या तांब्याचा एक बोर्ड 700 रुपयांना पडला, फिल्म वेगळी. ऑनलाइन सेवेचा आमचा बोर्ड पाठवणीसकट याहून फार स्वस्त नव्हता. पाचपैकी साडेचार देईन. अर्धा त्या जॉब नंबरचा कापला.

जायचं तर सकाळी अकरानंतर, जेवणाच्या आधी. दुचाकी फाउंड्रीच्या भिंतीपासून लांब लावा, नाहीतर संध्याकाळी रंग ओळखू येणार नाही. आराखड्यावर एकच माप लाल करून न्या, कारण ते विचारणारच. आणि कॉलेजला पावती हवी असेल तर पैसे द्यायच्या आधी सांगा. पावतीपुस्तक माळ्यावर असतं आणि शिडी शेजारच्या फाउंड्रीने नेलेली असते.